मावशीच्या गळ्यातली सवत

माझी माय मी पाहिली नाही. मला जन्म दिल्यावर ती सव्वा महिनाही जगली नाही. पण तिचा आवाज मी ऐकते, असं मी अकरा वर्षांची होईपर्यंत धरून चालले होते आणि हे कोणालाही सांगितलं नव्हतं. आता सांगते, कारण हसणारे बहुतेक मेले.

तो आवाज मावशीच्या छातीतून यायचा. मावशी म्हणजे माझ्या वडिलांची दुसरी बायको. सावत्र आईला आमच्याकडे मावशीच म्हणायचे. तिचं नाव फुलवंता. ती घरात आली तेव्हा मी रांगत होते, म्हणजे मला जे काही न्हाऊ घातलं, खाऊ घातलं आणि बडवलं, ते तिनंच. तिच्या गळ्यात काळ्या मण्यांच्या खाली, लाल धाग्यात, चांदीचा एक टाक असायचा. अंगठ्याच्या पेराएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाई, हात अंगाला चिकटलेले, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. ती माझी माय. आमच्यात रीतच तशी होती. पहिली बायको मेली आणि माणसानं दुसरी केली, की दुसरीनं पहिलीला गळ्यात वागवायचं. बाया त्याला टाक म्हणतच नसत, सवत म्हणत. नवं लुगडं आलं की पदर आधी सवतीला लावायचा, मग नेसायचं. सणाचा पहिला घास सवतीला दाखवायचा, मग तोंडात घालायचा. नाही तर ती अंगावर येते, असं सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

दुपारी ढेकीवर भात कांडून झाला की मावशी पडवीत चटईवर पडायची आणि मी तिच्या छातीवर कान ठेवून पडायची. आत ठोका पडायचा. दोन ठोक्यांच्या मधे घुरघुर व्हायची, चुलीजवळ बसलेलं मांजर करतं तशी. तळवा ठेवला तर तळव्यालाही ती लागायची. टाक नेमका तिथंच लोळत असायचा. मी बाकीच्यांच्या छातीलाही कान लावून पाहिले. बाबूजी झोपले होते तेव्हा त्यांच्या, आणि फुफीच्या, म्हणजे वडिलांच्या मोठ्या बहिणीच्या. ती विधवा होऊन आमच्याकडे परत आली होती आणि घर तिच्याच हुकमानं चालायचं. "काय व, माझ्या अंगावर ढेकणं शोधून राहिली का?" म्हणून तिनं मला ढकललं. घुरघुर कोणाच्यात नव्हती. मग ती टाकातूनच येते हे उघड होतं. माय काय बोलते ते कळत नव्हतं एवढंच.

मावशी कामाला वाईट नव्हती, पण दमायची लवकर. आमची स्वतःची बोडी, म्हणजे भाताला पाणी देणारं लहान तळं, होती. तिच्या पाळीवर चढताना मावशी तीनदा बसायची. गाल लालबुंद व्हायचे आणि फुफी म्हणायची, "पाहा, मडमेवानी गाल. कामानं नाही, आरामानं येते अशी लाली." लहानपणी आपले सगळे सांधे तापानं सुजले होते, महिनाभर खाटेवर होते, हे मावशी स्वतःच सांगायची, पण शेजारणीची गोष्ट सांगावी तसं. सांध्यांचा ताप, लाल गाल, दम आणि घुरघुर या चार गोष्टी आमच्या घरात रोज डोळ्यांसमोर होत्या. त्या एका दोरीत ओवायचं कोणाला सुचलं नाही. आज माझी नात नर्स आहे, तिला हे सांगितलं तेव्हा तिनं पोळी लाटता लाटता पुढचं सगळं सांगून टाकलं. मला राग आला. आम्हाला जे कळायला एक माणूस जाळावं लागलं, ते हिला लाटणं न थांबवता कळतं.

गाव नागझिऱ्याच्या जंगलाला लागून होतं. रात्रीचं भय सगळे सांगतात. आमच्या गावात दुपार जास्त वाईट. माणसं भाताच्या बांध्यांमध्ये गेलेली, गुरं रानात, ढेकी थांबलेली. होल्याचं घुमणं थांबलं की घरातल्या घरात आपल्याच पावलांचा आवाज आपल्या मागून येतोय असं वाटायचं. पुढचं सगळं अशाच दुपारी झालं.

नव्या तांदळाचा भात घरात पहिल्यांदा शिजतो तो दिवस होता. घरभर नव्या भाताचा गोड वास, पोपटाच्या शेंगांची डाळ, वांगं, सुवाऱ्या म्हणजे आमच्या पुऱ्या, गुळाची खीर. मावशीच्या टाकाचा धागा कुजला होता, म्हणून तिनं तो काढून नवा ओवला आणि न्हाऊन घालते म्हणून विहिरीच्या काठावर ठेवला. मी तो उचलला. दहा वर्षं मी मायला मावशीच्या अंगावरच ऐकत होते. एकदा एकटीला ऐकायचं होतं. गोठ्यामागे जाऊन टाक कानाला लावला. काही नाही. हलवला, फुंकला, पुन्हा लावला. काही नाही. ही मावशीच्या अंगावर असतानाच बोलते, माझ्याशी बोलत नाही, असं मला वाटलं आणि मी इतकी चिडले की हाका ऐकूनही गेले नाही. गेले तेव्हा पुरुषांची जेवणं होऊन बायांची ताटं वाढली होती. फुफी मावशीवर खेकसत होती, "बस ना व आता! भात थंड होऊन राहिला. न्हानं होते का लगीन?" त्या घाईत मावशी बसली. पहिला घास तोंडात गेला आणि मग तिचा हात गळ्याशी गेला. हात मोकळाच फिरला. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी तिच्या शेजारी बसता बसता मुठीतला टाक तिच्या पिढ्याखाली, बसायच्या पाटाखाली, सरकवला. घाबरलेली मुलगी जे करेल ते केलं. तेवढ्यात मावशीच्या डाव्या हातातला लोटा सुटला. ती ओरडली नाही. हळूच डावीकडे कलत गेली आणि फुफीच्या ताटात पडली. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून भाताची शितं गळत होती.

तिला उचललं तेव्हा पिढं उलटलं आणि टाक सगळ्यांना दिसला. फुफीनं दोन्ही हात कानांवर ठेवले. "सवतीवर बसून जेवली! व माय, सवतीले बुडाखाली घेऊन नवा भात खाल्ला हिनं!" मी गप्प राहिले. तोंड उघडायला एक क्षण होता, तो गेला. मग दुसरा क्षण फार दिवसांनी आला.

तिसऱ्या दिवशी मावशी नीट शुद्धीवर आली. जीभ जड होती, पण बोलणं कळत होतं. दुपारची वेळ, फुफी मागच्या अंगणात वड्या वाळत घालत होती. मावशीनं मला हाक मारली.

"जानी, हे माझ्या खाटेवर कोन निजलं आहे?"

"कोनी नाही, मावशी."

"हात तर आहे. थंडगार. काढ ना व त्याले."

मी तिचा डावा हात उचलून तिच्या तोंडासमोर आणला. "हा तुझाच हात आहे."

"माझा कसा? माझा हा इकडं आहे." तिनं उजवा हात दाखवला.

"मग हा कोनाचा?"

तिनं त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. भ्याली नाही, हे मला अजून आठवतं. "तुझ्या मायचा असन," ती म्हणाली. "त्या दिवसापासून ती इकडून येऊन निजते. निजू दे. पण हात माझ्या पोटावर कायले टाकते?"

लकवा आमच्या गावाला माहीत नव्हता असं नाही. तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो. दोन म्हातारे तसे होते. पण लकवा झालेला माणूस रडतो, माझा हात गेला म्हणतो. मावशीचा हात गेला नव्हता, तिच्या म्हणण्याप्रमाणे एक हात जास्त आला होता. तिला लकवा म्हणायला कोणी धजलं नाही.

आणि त्या घरात मी एकटी होते जिला ते भय वाटायच्या आधी दुसरंच काही वाटलं. माय आली, असं मला वाटलं. रोज दुपारी मी खाटेच्या डाव्या अंगाला बसायची आणि तो हात हातात घ्यायची. "माय" म्हणायची, अगदी हळू. मावशी उजवीकडे भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. डाव्या बाजूनं कोणी बोललं तर तिला ऐकूच जात नसल्यासारखं करायची. हात जड, सुजलेला, गार. एकदा मी माझी दोन बोटं त्या तळव्यात ठेवली आणि तळवा मिटला. घट्ट. मावशीनं मानही वळवली नाही. ती भिंतीवरच्या पालीशी काहीतरी पुटपुटत होती. मला बोटं सोडवता येईनात. सोडवायचीही नव्हती. पाठीवर काटा आला होता आणि मी तशीच बसून राहिले.

महिन्याभरानं ती धरून धरून उंबऱ्यापर्यंत यायला लागली. डावा पाय फरफटायचा. एका सकाळी तिनं बसल्या बसल्या दारात पिठाचा चौक काढला. रेषा नेहमीसारख्या सुरेख, पण चौक अर्धाच. मधोमध सुरीनं कापावा तसा. उजवीकडे सगळी फुलं, डावीकडे सारवलेली कोरी जमीन. पाणी भरायला निघालेल्या बाया थबकल्या आणि दुसऱ्या वाटेनं गेल्या. डोकं विंचरलं तर उजवीकडचे केस चापून बसवलेले, डावीकडचे तसेच पिंजारलेले. ताट वाढलं तर भात, डाळ, चटणी सगळं उजवीकडचं संपायचं, डावीकडचं शीतही हललेलं नसायचं. "अर्धं तिच्यासाठी ठेवते," फुफी बाबूजींना म्हणाली. "आता एका थाळीत दोघी जेवून राहिल्या. आयक गा भाऊ, हे घर बुडते."

फुफी दुष्ट नव्हती. तिनं तीन मुलं पुरली होती आणि भुताला ती महारोगाइतकंच खरं समजत होती. तिनंच मंगळवारी पुजाऱ्याला बोलावलं. तो जंगलापलीकडच्या गावचा, बारीक, कमी बोलणारा माणूस. त्यानं मावशीला काही विचारलं नाही. विळ्याचं टोक निखाऱ्यात लाल केलं आणि तिच्या डाव्या दंडावर टेकवलं. मी दाराशी उभी होते. कातडं चुरचुरलं. मावशी उजवीकडे बघत होती. तिनं नाक आक्रसलं आणि फुफीला म्हणाली, "बाई, काय जळून राहिलं व? भात लागला का?"

बाबूजी उठून अंगणात गेले आणि ओकले.

पुजारी विळा पाण्यात विझवत म्हणाला, "पाहा. जितं माणूस असं बसते का? हात मुडद्याचा आहे. पुढच्या मंगळवारी खांद्यापर्यंत घेऊ. तरी नाही सुटली तर हिले हिच्या माहेरी नेऊन ठेवा. जिती अन् मेली एका खाटेवर ठेवत नाहीत."

मावशीच्या माहेरी कोणी उरलं नव्हतं, एक भाऊ होता तो आसामात चहाच्या मळ्यावर गेला होता. ओस घरात नेऊन ठेवणं म्हणजे काय ते मला कळत होतं. आणि खांद्यापर्यंत म्हणजे काय तेही. तो एक डाग पिकला होता, पट्टी बदलताना मीच पाहत होते. तरी मी बोलले नाही. टाक मी लपवला हे सांगितलं तर मार पडेल हे एक. दुसरं कारण लिहायला मला आजही आवडत नाही: मायला काढून लावतील म्हणून मी घाबरले होते, मावशीला जाळतील म्हणून नाही.

शनिवारी दुपारी मी तिचं अर्धं उष्टं ताट उचलायला गेले. हात निसटला आणि थाळी जमिनीवर गर्रकन फिरली. उरलेला भात तिच्या उजव्या हाताला आला.

"आणखी आनला का व?" मावशी म्हणाली. "मघाशी काऊन नाही वाढला? भूक मरून जाते माझी." आणि जेवायला लागली.

तिनं त्यातलाही अर्धाच खाल्ला. डावीकडचा ठेवला. मी थाळी पुन्हा फिरवली. ती पुन्हा जेवली, पुन्हा अर्धा. मी फिरवत राहिले, ती जेवत राहिली, शेवटी चार शितं उरेपर्यंत. पाच आठवडे ती अर्धपोटी होती आणि आम्ही रोज तिचा अर्धा भात मायच्या नावानं कावळ्यांना घालत होतो. मायचा वाटा असता, तर थाळी फिरवल्यानं तो मावशीचा कसा झाला असता?

फुफीनं त्या दिवशी देव्हाऱ्यात ठेवलेला टाक मी आणला. तिच्या डाव्या बाजूला, डोळ्यांसमोर येईल एवढ्या अंतरावर धरला. "मावशी, माय दिसते का?"

"कोन? कुठं?"

हळूहळू टाक उजवीकडे नेला. नाकासमोरून पुढे गेला आणि तिचा चेहरा उजळला. "व, हे तर माझ्या गळ्यातलं! कुठं सापडलं? बांध ना व गळ्यात, उघडं उघडं वाटते." पुन्हा डावीकडे नेला आणि ती विसरली. टाक नाही, मी नाही, काही नाही. त्या दुपारी मला जे दिसलं तसं भुताखेतांच्या कोणत्याही गोष्टीत मी नंतर ऐकलं नाही. मावशीच्या डावीकडे माय बसलेली नव्हती. मावशीला डावी बाजूच उरली नव्हती. अर्धं घर, अर्धं अंगण, अर्धं आभाळ नाहीसं झालं होतं आणि ते नाहीसं झालंय हेही तिला माहीत नव्हतं. मग मी इतके दिवस कोणाचा हात धरून बसत होते?

रविवार मी असाच घालवला. सोमवारी सकाळी बोडीच्या पाळीवर गेले. बाबूजी उत्तरेकडच्या तुडुमाशी बसले होते. तुडूम म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं दार. आमच्या पाळीला दोन होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टाक मी उचलला, पिढ्याखाली मी सरकवला, मावशी सवतीवर बसली नव्हती, आणि थाळी फिरवली की ती जेवते.

त्यांनी उठून मला मुस्कटात मारली. मी पडले नाही. मग ते खाली बसले.

"थाळीचं पुन्हा सांग," ते म्हणाले.

मी सांगितलं.

"हातात काही नाही म्हणते तू."

"हातात काही नाही, बाबूजी. हात नुसता पडला आहे. तिच्या डोक्यात डावी बाजूच नाही."

ते तुडुमाकडे पाहत होते. आमच्या त्या उत्तरेकडच्या तुडुमाचं पाणी दक्षिणेच्या बांध्यांना जायचं. मधे खडक लागला म्हणून आजोबांनी पाट वळवून पलीकडे नेला होता. परका माणूस दक्षिणेची बांधी सुकली की दक्षिणेच्या तुडुमाशी जाऊन बसायचा आणि आम्ही हसायचो. "बांधी सुकली म्हणून बांधीत कोनी आग लावत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "वरतं जाऊन पाहावं लागते, पानी कुठं अडलं ते."

संध्याकाळच्या जेवणाला त्यांनी मावशीसमोर थाळी स्वतः ठेवली आणि फुफीला बसवलं. मावशीनं अर्धं खाल्लं. बाबूजींनी थाळी फिरवली. मावशी पुन्हा जेवायला लागली.

फुफी म्हणाली, "सवतीनंच सोडला असन तिचा वाटा."

"बाई, थाळी फिरली की भूतही फिरते का?"

"तू मोठा शहाणा! पुजाऱ्यापेक्षा जास्त समजते तुले?"

"भुताचं नाही समजत. पान्याचं समजते."

"पोट्टीच्या सांगन्यावर बायकोचा जीव घेशील."

"तुझ्या सांगन्यावर घेऊन राहिलो होतो," बाबूजी म्हणाले. फुफी उठून गेली. ती चार दिवस जेवली नाही, पण कोणाला दाखवत बसली नाही. तिच्यात ती एक चांगली गोष्ट होती.

मंगळवारी पुजारी आला तेव्हा खाट रिकामी होती. आम्ही उजाडतानाच बैलगाडी जुंपली होती. तणसावर मावशीला निजवलं, उजव्या बाजूला मी बसले, कारण डावीकडे बसले तर तिला मी नव्हतेच. गोंदियाला पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. वाटेत मुर्री लागलं, तिथं बैलांना पाणी पाजलं. पुढे मी त्याच मुर्रीत सून म्हणून आले आणि आता तिथंच म्हातारी झाले. ती गाडीवाट माझ्या दारावरून जाते, आता डांबराची आहे.

गोंदियात रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेला एक बंगाली डॉक्टर बाजाराच्या गल्लीत बसायचा. टक्कल, जाड चष्मा, पानानं लाल दात. त्यानं दंडावरची जखम पाहिली आणि बाबूजींकडे असं पाहिलं की बाबूजींनी मान खाली घातली. मग तो मावशीच्या उजवीकडून डावीकडे बोट नेत राहिला, डोळे बंद करायला लावून हाताला टोचत राहिला, पायाच्या तळव्यावर चावीनं रेघ ओढली. सगळ्यात शेवटी रबरी नळी कानात घालून छाती ऐकली. तिथं तो थांबला. बराच वेळ ऐकलं.

"बचपन में बुखार हुआ था? जोड़ सूजा था?"

"हो," मावशी म्हणाली.

"सीढ़ी चढ़ने से साँस फूलता था?"

"पाळीवर चढताना," मी म्हणाले.

त्यानं बाबूजींना सांगितलं ते मी जसं कळलं तसं लिहिते. त्या लहानपणच्या तापानं तिच्या काळजातलं एक दार खराब केलं. दार नीट उघडत नाही म्हणून रक्त आत साचतं, साचलं की त्याची गुठळी होते. एक गुठळी वाहत वर गेली आणि डोक्यातली रक्ताची नळी तुंबली. "नाली बंद हुआ, दिमाग का दाहिना तरफ. जितना दिमाग को खून नहीं मिला, उतना सूख गया. दाहिना दिमाग बायाँ अंग चलाता है. इसलिए हाथ पड़ा है, और इसको मालूम भी नहीं कि हाथ इसका है. भूत नहीं है, बाबा. किसी ने कुछ नहीं किया."

"पाट पलीकडे जाते," बाबूजी म्हणाले. डॉक्टरला ते समजलं नाही.

किसी ने कुछ नहीं किया, हे वाक्य त्यानं बाबूजींसाठी म्हटलं, पण मी ते धरून ठेवलं. तरी एक विचारायचं राहिलं होतं. मी म्हणाले, "डॉक्टरसाब, छाती में आवाज आता है ना?"

"तुमको कैसे मालूम?"

"मैं सुनती थी."

तो हसला आणि नळी माझ्या कानांत घातली. घुरघुर. तीच, पण कानाच्या पडद्याला चिकटल्यासारखी मोठी. "वो ही दरवाजा है," तो म्हणाला. "खून तंग जगह से निकलता है, तो आवाज करता है." मावशीच्या गळ्यात त्या वेळी टाक नव्हता. तो घरी देव्हाऱ्यात होता. मी नळी काढली नाही; डॉक्टरनं काढून घेतली.

त्यानं काळजासाठी थेंबांचं औषध दिलं, जखमेला मलम दिलं, हातासाठी काही दिलं नाही. रोज हात चोळा, हलवा, आणि रोज तिच्याशी डाव्या बाजूनं बोला, तिला मान वळवायला लावा, म्हणाला. पुन्हा होऊ शकतं, हेही म्हणाला.

घरी आल्यावर ते काम माझं झालं. रोज दुपारी डावीकडे बसायचं, हात चोळायचा, तिचा उजवा हात धरून या हातावर आणायचा, खांद्यापासून बोटांपर्यंत फिरवायचा आणि विचारायचं, "हा कोनाचा?" रोज ती म्हणायची, "तुझ्या मायचा." पहिले काही दिवस हे ऐकून मला रडू यायचं. मग राग यायला लागला. मग नुसतं काम उरलं, ढेकी मारावी तसं. मधे मधे ती म्हणायची, "माहीत नाही." एकदा म्हणाली, "फुफीचा असन, तिले सांग घेऊन जा." फुफी दारातून ओरडली, "माझे माझ्याजवर आहेत!" आणि त्या घरात कित्येक दिवसांनी कोणी हसलं.

होळी जवळ आली होती, मोहाचा वास गावात शिरला होता. मी नेहमीसारखं विचारलं, हा कोनाचा. मावशीनं मान डावीकडे वळवली, सावकाश, दाराची बिजागरी गंजली असावी तशी. दंडावरच्या त्या डागाकडे पाहिलं. त्यावर उजवा हात ठेवला.

"माझाच व," ती म्हणाली. "कोनी जाळला?"

मी तिला सगळं सांगितलं. टाकाचंही. तिनं मला मारलं नाही. उजव्या हातात ताकद होती, मारू शकली असती. एवढंच म्हणाली, "सवत आन. बांध गळ्यात." मी बांधली.

त्यानंतर मावशी चार पावसाळे जगली. चौक काढताना आधी उजवी बाजू काढायची, मग थांबून, स्वतःला बजावून, मान वळवून डावी. डावी बाजू नेहमी थोडी लहान यायची. दुसरा झटका आला तेव्हा मी सासरी होते. टाक बाबूजींनी माझ्याकडे पाठवला, तिसरी बायको करणार नव्हते म्हणून. तो माझ्या पेटीत आहे. त्यावरची बाई एकच आहे आणि ती माझी माय आहे, हे मला माहीत आहे. पण तो हातात घेतला की मला आठवतो तो दुसरीचा दंड, आणि त्यावरचा डाग.